बँक क्रमांक अकरा

कंपाला, नाकासेरो टेकडी, तिसरा मजला.
आमच्याकडे बँकांना नावं नसतात, नंबर असतात,
म्हणजे जीव अडकत नाही म्हणे.
तेवीस बँका, अठ्ठावीस तिमाह्या,
आणि मी, क्योमुहेंदो, सकाळी साडेआठपासून
त्यांच्या नाड्या बघत बसते:
भांडवल किती, बुडीत किती, रोख किती,
रात्रीपुरतं शेजारणीकडून उसनं आणलेलं किती.
नाडी तीन महिन्यांपूर्वीची असते.
मनगट आज कसं आहे ते तक्त्यात येत नाही.

मंगळवारी अकरा नंबर लाल झाली.
वर्षाच्या आत कोसळण्याची शक्यता, शंभरात एकाहत्तर.
सूत्र पुन्हा चालवलं. एकाहत्तर.
न आलेलं व्याज उत्पन्नात धरलेलं,
फुलांच्या एका निर्यातदाराचं जुनं कर्ज
त्याच्याच मेव्हण्याच्या नव्या कर्जातून फिटलेलं.
ताळेबंद मात्र कडक इस्त्रीचा.

वासवासाहेब चष्मा पुसत म्हणाले,
"चार नंबर आठवते?"

आठवते.
तिला आम्ही शंभरात चौसष्ट दिले होते.
कागद बाहेर कुणी नेला, कळलं नाही.
शुक्रवारी दुपारी फाटकाबाहेर रांग,
सोमवारी फाटकाला कुलूप.
मागाहून हिशेब तपासले, तर
चार नंबर धडधाकट होती.
सूत्राच्या खात्यावर मात्र ती
'अचूक भाकीत' म्हणून जमा आहे.
ती ओळ मी अजून खोडलेली नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची,
हे बँकेइतकं कुणालाच लागू नाही.
उघडून मोजायला जावं
तर मोजता मोजताच रिकामी.

शनिवारी नाब्वीरेकडे गोमेसी शिवायला टाकली,
भाचीच्या लग्नासाठी, जांभळी.
दुकानासमोर दिव्याच्या खांबावर मराबू करकोचा
वसुली अधिकाऱ्यासारखा मान आत ओढून.
ओठांत टाचण्या धरूनच ती म्हणाली,
"तू बँकांचं बघतेस ना?
दुसऱ्या मशीनचे पैसे मी कोपऱ्यावरच्या बँकेत ठेवलेत.
बरी आहे ना ती?"

कोपऱ्यावरची म्हणजे अकरा.

नोकरीला लागताना सही केली होती,
आईलासुद्धा सांगणार नाही.
मी म्हटलं, "बाही थोडी सैल ठेव."

तिची फीत माझ्या खांद्यावर होती.
गोमेसीचे खांदे टोकदार,
सुतभर चुकले तरी पडतात,
म्हणून तीस वर्षं तिची बोटं
खांदेच वाचत आलीत.
ती थांबली.
माप पुन्हा घेतलं,
मी सूत्र पुन्हा चालवलं होतं तसं.
मग फीत गुंडाळली. काही बोलली नाही.

सोमवारी कामावर जाताना पाहिलं,
अकरा नंबरच्या बंद दाराशी
पासबुक घेऊन नाब्वीरे.
तिच्यामागे आणखी एक बाई,
सहज विचारत होती, काय झालं म्हणून.

दोघींना रांग म्हणत नाहीत.