चतुःसीमा

नोंद सत्त्याण्णव सालची.
पूर्वेस अमुक जाळं, पश्चिमेस तमुक,
याच्याकडून येईल ते सगळं घ्यावं,
त्याला फक्त आपलं तेवढं द्यावं.
खरेदीखतात असते तशी चतुःसीमा,
फक्त जमिनीच्या जागी
आकड्यांचा एक गठ्ठा,
आणि फ्रीसलंडच्या सपाट मुलखात
सायकलींच्या दुकानावरच्या कचेरीत
नीन्के, जिच्याकडे ही वही तपासायला आली.

पूर्वेचा शेजारी कधीच बुडाला.
पश्चिमेचा विकला गेला, पुन्हा विकला गेला,
आता त्याचं नाव त्यालाही सांगता येत नाही.
जबाबदार व्यक्ती: हिल्के.
हिल्केला जाऊन सहा वर्षं झाली.
ईमेल परत येतं.
फोन मात्र वाजतो.

"ते नाहीत," बाईचा आवाज, म्हातारा पण खणखणीत.
"मार्गाचंच विचारायचंय ना?
फ्रँकफर्टहून विचारतात, साओ पावलोहूनही विचारतात,
हा मार्ग तुमचाच का म्हणून.
मी हो म्हणते.
हिल्केनं सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर
हो म्हण, आपलाच आहे."
मागे किटली शिटी मारत होती.

नीन्केनं रकान्यात लिहिलं, पडताळणी झाली.
मग खोडलं.

तिचा बाप वीब्रन चरांची पाहणी करायचा.
नोव्हेंबरात, प्रत्येकाच्या बांधावरून,
काठी पाण्यात घालून गाळ मोजायचा,
वही काखेत, मिटलेली.
आधी वही उघडलीस, म्हणायचा,
तर तुला वहीतलंच पाणी दिसेल.

काठी कुठून आणायची?
तिनं राउटरलाच विचारलं, बाबा रे, बोलतोस कुणाशी?
त्यानं एकच शेजारी सांगितला.
वहीत चार.
हिल्केच्या नावाचा तो जुना मार्ग तर
कुठल्याच नकाशात बसेना.
संध्याकाळी पाचला तिनं सगळं पुसलं.
बरं वाटलं,
वाढलेली नखं कापल्यावर वाटतं तसं.

रात्री साडेतीनला
जर्मनीतल्या कुठल्याशा यंत्रानं
रोजच्यासारखी ती वही वाचली,
वाचून आपली चाळणी विणली.
वहीत नाही ते आत नाही.
चारला समुद्रबांधाजवळचं एक पंपघर
गप्प झालं.
पंप चालू होते म्हणे,
फक्त ते चालू आहेत हे
कुणाला कळायला वाट उरली नव्हती.
पाऊण तास. मग एक माणूस
टॉर्च घेऊन गाडीनं गेला,
पाण्याची पातळी डोळ्यांनी बघून आला.

हे पंपघर हिल्केनं जोडलं होतं,
कुणाला न सांगता, बहुतेक एखाद्या शनिवारी.
ज्या ओळीत सगळं चुकीचं होतं,
नाव, पत्ता, शेजारी,
त्या ओळीतला आकडा तेवढा खरा होता.
आणि नीन्केला वाटायचं
वही रस्त्याच्या मागून चालते.

तिनं मार्ग परत लिहिला.
खाली स्वतःचं नाव, स्वतःचा फोन,
आणि शेऱ्यात एक वाक्य:
याच्या टोकाला पाणी आहे, पुसण्याआधी जाऊन बघा.

दुपारी तिनं म्हातारीला कळवलं,
आता तुम्हाला कुणाचे फोन येणार नाहीत.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
"बरं," बाई म्हणाली.
"तो ब्राझीलचा मुलगा
फार आदबीनं बोलायचा."