घास

पोपायानच्या टांकसाळीत पडलेल्या सोन्याच्या नाण्यावर
राजाचं नाव मोठं, नाक त्याहून मोठं,
आणि कडेला, मुंगीच्या डोक्याएवढं, एक अक्षर:
डॉन लिसार्दो रेवोयेदो, पारखी.

मी त्यांचा भाता ओढणारा पोऱ्या.
पहाटे बैलाची हाडं जाळून राख चाळायची,
राखेच्या इवल्या वाट्या थापायच्या.
वाटीत शिसं, शिशात घास.
लगडीच्या कोपऱ्यातून छिन्नीनं काढलेल्या तुकड्याला
तिथं घासच म्हणत. कस लावून जे उरे, ते पारख्याचं.
"राजा लगड खातो, आपण घास," ते म्हणत,
आणि हसू यायच्या आधी खोकला येई.

शिसं राखेत मुरत जायचं. मग एकदम
मण्यावरून सगळे रंग सरकून जात,
पापणी लवायच्या आत.
तेवढ्यासाठी छत्तीस वर्षं त्यांनी डोळे जाळले.

चोकोच्या नद्यांतून सोन्याबरोबर एक पांढरी वाळू येई.
वजनाला सोन्यासारखी, पण कुठल्याच आगीला न बधणारी.
हुकूम होता: निवडा, तोला, वहीत मांडा,
आणि दोन साक्षीदारांदेखत नदीत बुडवा,
नाहीतर लोक सोन्यात मिसळतील.
काऊकाच्या पुलावर पिशवी मीच उलटी करायचो.
आवाजसुद्धा व्हायचा नाही फारसा.

एकदा निकोलासा काराबाली आली,
मागे मालकाचा मुकादम.
नऊ वर्षांच्या रविवारी धुतलेली रेती, बैलाच्या शिंगात भरून.
स्वतःची किंमत.
मी चिमट्यानं पांढरे कण वेचत गेलो
आणि पारडं वर वर येत गेलं.
दीडशे कास्तेयानोला सोळा कमी.
डॉन लिसार्दोंनी पुन्हा तोललं.
तिसऱ्यांदा तोललं. तिसऱ्यांदा ते कधी तोलत नसत.
मग वहीत खरा आकडा लिहिला
आणि नियमाप्रमाणे घास काढून घेतला.

"ती पांढरी तरी द्या," ती म्हणाली.
"देता येत नाही. नदीत जाते."
"नदीतूनच तर काढली होती.
मधल्या मध्ये माझी कंबर गेली, एवढंच."

नंतर दार वाजलं की ते काट्यावरून नजर उचलत.
बहुतेकदा खेचरवाला असे.

ते गेले तेव्हा खणात एक पुडी सापडली:
आत कस लावलेला मणी, मोहरीएवढा,
वर तिचं नाव. न मोडलेला घास.

आता नाण्यावर माझं अक्षर आहे.
परवा समुद्रापलीकडून नवा हुकूम आला:
पांढरी फेकू नका, जपून पाठवा, तिकडे भाव आलाय.
मी जुन्या वह्या काढून बेरीज करायला बसलो.
तिच्या ओळीपाशी आलो.
पांढरी, सोळा. बुडवली.
खाली डॉन लिसार्दोंची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी.

संध्याकाळी पुलावर गेलो.
खाली बायका कपडे आपटत होत्या,
पाणी गुडघाभर, गढूळ.