अनुस्वार

'ग्रंथालय'मधलं टिंब उठलं नाही.
बाकी सगळं उतरलं पितळेवर,
शिरोरेघ, थ चं वळण, ल चे दोन्ही पोट.
मेंढे सरांनी पाटी चष्म्याजवळ नेली,
"ग्रथालय," म्हणाले, आणि गप्प बसले.
मास्तर गप्प बसला की जास्त लागतं.

टिंबाला ना डावीकडे जायचं असतं, ना उजवीकडे.
नुसतं खाली जायचं आणि वर यायचं.
माझ्या मशीनला नेमकं तेच जमत नव्हतं.

चक्कीमागच्या खोलीत मी तिला उभी केली आहे.
धड जुन्या ड्रिल स्टँडचं,
उभा स्क्रू जिनिंगच्या भंगारातला,
मोटारी पार्सलने आलेल्या.
भिंतीपलीकडून ज्वारीचं पीठ येतं,
रुळांवर बसतं, तेलात कालवलं जातं.
बावीस वर्षं पुलगावकडे फिटर होतो,
तिथे बोटभर ढिलाई चालून जायची.
इथे कागदाच्या जाडीवरून भांडण.

लाइन रात्री अकराला आली.
डायल लावला.
खाली फिरवलं, काटा हलला.
वर फिरवलं,
स्क्रू फिरतोय आणि काटा जागेवर बसून.
अठ्ठावीस शतांश.
तेवढं अंतर स्क्रू एकटाच बोलत राहतो,
नट ऐकत नाही.
टिंबाची खोली होती वीस.

कल्याणी, माझी भाची, आयटीआयला टर्नर दुसऱ्या वर्षाला,
टॉर्च धरून वाकली.
"मामा, गिबची पट्टी काहून इतली आवळली?"
मी पान्हा शोधायला लागलो.
आवळली होती मीच, पोळ्याच्या आधी.
डोकं डुगडुगायचं, आवळल्यावर थांबलं,
मला वाटलं सुधारलं.
खेळ गेला नव्हता.
मी त्याचं तोंड दाबलं होतं.

पट्टी सैल केली तसं डोकं टक्कन खाली बसलं,
आठ किलो, स्पिंडलसकट.
मग खालचं बेअरिंग उघडलं,
तर स्क्रूच आपल्या जागेत वरखाली होत होता.
चेकनट आवळलं, अठ्ठावीसचे बारा झाले.
उरलेले बारा नटाच्या झिजल्या आट्यांत.
नवा नट नागपूरहून, आठ दिवस.
पाटी रविवारी लागायची होती.

आता डोक्याचं वजनच आट्याला एका बाजूला दाबून धरत होतं,
पण वर चढताना मोटार कण्हायची,
हात लावला तर चटका.

सकाळी पुंजाराम कुंभारे आला, दळण घेऊन.
त्याच्या दुकानात आता बटणाचा काटा,
लोखंडी मापं पोत्यात पडलेली.
पाच किलो, दोन किलो, एक,
बुडात शिशाचे शिक्के, दरवर्षीच्या तपासणीचे.
शटरची चाकी, क्लचची वायर,
एका टोकाला डोकं, दुसऱ्याला मापं.
त्यानंच लटकवली, एकेक करून, आठ,
आणि हात काढून मागे सरला.
"पाह्य. काटा सरळ."

डोकं हवेत राहिलं.
बोटानं वर ढकललं, वर गेलं. सोडलं, तिथेच.
आटा वरच्या काठालाही टेकेना, खालच्याही.
डायलवर बाराच्या बारा परत.

"दोन किलोचं काढ," मी म्हटलं.
"काहून? सरळ आहे ना बे."
"सरळ आहे म्हणूनच."
"चाळीस वर्षं गिऱ्हाइकापुढं काटा झुकू नाही देला.
अन् तू म्हणतेस झुकव."
"झुकव. खाली. थोडंच."

तो बराच वेळ मापाकडे पाहत राहिला,
मग काढलं.

एक शतांश. कल्याणीनं तीनदा मोजलं.
मोटार कोमट.

पाटी परत पट्ट्यांत धरली, तीच,
कोरलेल्या अक्षरांवरून शून्य शोधायला तासभर गेला.
मग एकच आज्ञा दिली.
खाली. वर.
राईएवढा पितळेचा कण उडाला,
कल्याणीच्या ओढणीवर बसला.
खालच्या ओळीतली एक वेलांटी जरा उथळ राहिली आहे,
मेंढे सरांना दिसेलच.

पुंजारामनं उरलेलं माप पिशवीत टाकलं,
पिठाचा डबा दुसऱ्या हातात घेतला नाही,
म्हणाला, संध्याकाळी नेईन.
आणि रस्त्यानं गेला
दोन किलोच्या बाजूला
किंचित झुकत.