वाण

दिवसभर मी कापसाचे वाण ओळखते.
पानाची लव, परागाचा रंग,
पाकळीच्या बुडाशी लाल डाग आहे की नाही.
शंभरात अकरा रोपं परकी निघाली
की लॉट नापास, खाली माझी सही.

रात्री मंठा चौफुलीजवळच्या दोन खोल्यांत
समुद्र असतो. तीन फूट लांब.
जालन्यात नळ येतो बाराव्या दिवशी,
ते पाणी गाळायचं, मग पिशवीतलं मीठ,
लिटरला पस्तीस ग्रॅम,
डोळ्याला नळी लावून पुन्हा तपासलेलं.
गाळणीने टाकून दिलेल्या पाण्यात भांडी होतात.
आई म्हणते, कामून गं,
माणसाला गोडं पाणी पुरंना
अन् तू चांगलं पाणी खारट करायलीस?
मला उत्तर येत नाही. मी भांडी घासते.

चेन्नईहून थर्माकोलची पेटी आली.
सात पिशव्या, चिठ्ठी एकच:
मऊ पोवळे, मिश्र.
मिश्र हा शब्द मला नोकरीत चालत नाही.

लोळगे सराफ विचारत होते,
पोवळं म्हणता, किती रत्तीचं?
मंगळ कडक आहे का कुणाचा?
म्हटलं, काका, हे अंगठीत बसत नाही.
हे हात लावला की आकसतं.

आधी बोटं मोजायची.
भिंगाखाली एका तोंडाभोवती आठ,
आणि प्रत्येक बोटाला दोन्हीकडून झालर, पिसासारखी.
तिसऱ्या पिशवीतलं हिरवं बटण देखणं होतं.
बोटं भरली चाळीसच्या वर, झालर नाही.
गोत वेगळं. त्याला बाजूच्या बरणीत ठेवलं,
हाकलून कुठे देणार, समुद्र पाचशे किलोमीटरवर.

मग देठ पाहायचा.
वर पसरट टोपी, खाली उघडा दांडा: सार्कोफायटन.
चामडी अंगाला बोटंच बोटं फुटलेली: सिन्युलेरिया.
कंगोरे ओळीने उभे: लोबोफायटम, बहुतेक.
झेनियाला भिंग लागत नाही.
ती मुठी उघडते, मिटते, उघडते,
पाळण्यातल्या पोराने
अजून कुणाला धरलेलं नसावं तशी.
सातवी पिशवी दुधाळ झालेली.
तिची ओळख नाकानेच पटली.

राहिलं सहावं.
त्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा
डबीतून ऑफिसात नेला,
जेवणाच्या सुट्टीत ब्लीचच्या थेंबात ठेवला.
मांस विरघळलं. काचेखाली उरल्या
पांढऱ्या काड्या, गोखरूसारख्या काटेरी.
एवढं मऊ, आणि आत हे.
टेकाळे साहेब मागून वाकले,
हे कोणत्या पिकाचं?
खाऱ्या जमिनीतलं, साहेब.
ते हूं म्हणून हात धुवायला गेले.

त्याच आठवड्यात सार्कोफायटन मिटलं.
एक दिवस, चार, नऊ.
टोपीवर मेणचट कात, त्यावर शेवाळ.
आई म्हणाली, मेलंय ते, काढ, वास सुटंल.
वहीत लिहिलं, नापास, पुढे प्रश्नचिन्ह.

रात्री वीज गेली. बॅटरीचा पंप घरघरला, थांबला.
मी वाटीने पाणी उचलून वरून सोडत राहिले,
हवा मिसळावी म्हणून.
अडीचला डोळा लागला.
जाग आली तेव्हा वाटीचा आवाज चालूच होता.
अंधारात आई, पदर खोचून,
पाण्याशी एक शब्द न बोलता.

सकाळी कात सुटून कोपऱ्यात तरंगत होती.
टोपीवर बारीक मोहर आलेला.
आईने माझं भिंग मागितलं नाही,
काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली.
आठच हायेत, म्हणाली,
आणि चहा टाकायला गेली.

वहीत सगळ्यांची नावं आहेत आता.
सहाव्याचा रकाना तेवढा कोरा.
बियाण्याच्या पिशवीवर
अशी जागा रिकामी सोडता येत नाही.