तुटक रेषा

माझी गिरणी अक्कलकोट रस्त्याच्या वळणावर, पत्र्याची.
सकाळी वीज आली की पट्टा ओढतो,
आणि डबे रांगेत बसतात,
तेलाचे, ॲल्युमिनियमचे, तोंडाला फडकं बांधलेले.
माणसं मी चेहऱ्यानं फारशी ओळखत नाही,
पिठानं ओळखतो.
चिमूट हातात घेतली की कळतं
कुणाची ज्वारी घरची, कुणाची विकतची,
कुणाच्या घरात भाकरी थांबून
रेशनच्या गव्हाची चपाती सुरू झाली.

चार वर्षं एक गंमत बघतोय.
आपल्याच शिवारातली मालदांडी
टेम्पोत बसून सोलापूरला जाते,
मार्केट यार्डात नाव हरवते
आणि महिन्यानं गावात परत येते
दुसऱ्या कुणाचं छापील पोतं घालून.
भाडं दोनदा.
बाया विचारतात, "कुठली हो ही?"
"सासरी जाऊन आलीय," म्हणतो.

मल्लव्वा बिराजदारचा डबा मात्र यायचा थांबला.
तिचं रान गट दोनशे सातमध्ये,
अडीच एकर, काळंभोर,
उन्हाळ्यात भेगेत कोपरापर्यंत हात जाईल असं.
चारी बाजूंनी ऊस.
पाणंद होती, बैलगाडी जायची.
आधी एक सरी आत आली, मग दुसरी,
मग पाणंद इरण्णाच्या उसात कायमची राहायला गेली.
बी डोक्यावरून नेता येतं.
कणसंही नेता येतात, कंबर असेपर्यंत.
मळणीयंत्र कसं न्यायचं डोक्यावरून?
दोन सुगी रान पडीक राहिलं
आणि ती हलीमाच्या गटात
विकतच्या पिठाच्या कडक भाकऱ्या थापत बसली,
शहरातल्या हॉटेलांसाठी, शेकड्याच्या भावानं.

तलाठ्यानं नकाशा उलगडला तेव्हा
मी गिरणी बंद करून गेलो होतो.
कागद पिवळा, घडीवर फाटलेला,
त्यात दोन तुटक रेषा शेजारी-शेजारी,
मुंग्या चालल्यासारख्या.
"ही वाट," तो म्हणाला.
मल्लव्वा वाकून बघत राहिली.
"कागदावर हाय की. मग पाय कुठं ठेवू?"

मोजणीची तारीख तीनदा पुढं गेली.
चौथ्यांदा बायाच गेल्या.
टेप नव्हता. मल्लव्वानं सासूचं जुनं इरकल लुगडं आणलं,
नऊ वार, ना कमी ना जास्त.
इरण्णा बांधावर आला. "काय करालाव?"
"वाट मोजालाव."
पुढं जे झालं ते लिहीत नाही,
मला अजून गावात राहायचंय.
एवढंच सांगतो, तो मोठ्या मनानं वगैरे हटला नाही.
त्या हंगामात कारखान्याची ट्रॉली
त्याच्याच फडापाशी रुतली तीन दिवस,
तोडलेला ऊस उन्हात हलका होत गेला,
आणि त्याच्या लक्षात आलं,
वाट त्यालाही लागते.
मुरूम गावानं टाकला, अर्धा.
उरलेला अर्धा अजून कागदावरच आहे.

माघात मळणी झाली.
दिवेलागणीला मल्लव्वा आली, डबा तोच,
कडीला तार गुंडाळलेली.
तळाशी काळ्या मातीचं एक ढेकूळ निघालं.
दगडात गेलं असतं. मी काढून खिडकीत ठेवलं,
फेकवलं नाही.

त्यातली पायलीभर अंगणवाडीला गेली,
बाकीची हलीमानं आधीच बोलून ठेवली होती.
टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवून
रिकामाच पुढं गेला.

दळणाची तूट मी सगळ्यांकडून धरतो,
तिच्याकडूनही धरली. धंदा आहे.
पण ती मूठ रात्री घरी नेली.
बायकोनं एकच भाकरी केली,
पापुद्रा सुटला, वाफ निघाली.
आम्ही बोललो नाही काही.

नकाशावर अजून अकरा ठिकाणी
मुंग्या उसात शिरतात
आणि बाहेर येत नाहीत.
उद्या दगडाला टाकी लावायचीय.
गिरणी उशिरा उघडेल.