शेवटचा पीळ

भडगावपासून चार कोसांवर, गिरणेच्या अंगाला,
पत्र्याच्या शेडमध्ये मोसंबीचा रस निघतो.
नोकरीच्या पहिल्या दिवशी वाटलं, यात शिकायचं काय?
कापायचं, दाबायचं, भरायचं, झाकण लावायचं.

सकाळी नऊला चाखला तेव्हा खडीसाखर.
दुपारी तीनला त्याच भांड्यातून चाखला
तर जिभेच्या मुळाशी
कुणी निंबाचं पान ठेवून गेलेलं.
भांडं तेच. रस तोच. माशीसुद्धा बसली नव्हती.

सोजरबाई फळं निवडत होती. वर न बघता म्हणाली,
"आत्ते गोड शे, सांजले कडू व्हई जाई."
जसं काही गाडीचं वेळापत्रक सांगावं.

मग मी रात्री वाचत बसले.
कळलं ते असं: कडवटपणा रसात नसतोच.
तो बियांत असतो, सालीखालच्या पांढऱ्या कापसात,
फोडींच्या पडद्यांत,
अजून कडू न झालेला, गुमान.
फळ अखंड आहे तोवर त्याची आंबटाशी गाठ पडत नाही.
गाठ आपण घालून देतो,
पिळून.

तेव्हापासून माझ्या खोलीत एक मांडणी आहे.
प्रत्येक बाटलीच्या गळ्यात तारीख:
सातवा दिवस, तिसावा, साठावा.
इन्क्युबेटर घ्यायला पैसे नव्हते,
पण वैशाखात आमचा अख्खा तालुकाच इन्क्युबेटर.
तीन बाटल्या फुगल्या.
एक मध्यरात्री फुटली, वॉचमन काठी घेऊन धावत आला,
आणि चोर नाही म्हणून जरा हिरमुसला.
एकीत वर नुसतं पाणी, तळाशी सगळा जीव.
एक तपकिरी पडत गेली
जुन्या लग्नातल्या फोटोसारखी.
मी वहीत लिहीत राहिले. रंग. गाळ. वास. जीभ.

नेहेतेशेठना वही दाखवली.
"टनामागे चारशे लिटर निघतो, तू म्हणतेस तीनशे साठ काढा?"
हो. रोलर दोन सूत सैल करा.
शेवटचा पीळ सोडून द्या.
"चाळीस लिटर सालीत टाकू?"
तेच चाळीस उरलेल्या तीनशे साठांना कडू करतात, शेठ.

त्यांनी कॅल्क्युलेटरवर गुणलं. मग बोटांवर.
तीन पिढ्या जिनिंगमध्ये गेलेल्या,
सरकीला चिकटलेला तंतूही ज्यांनी सोडला नाही
त्यांना मी ओल्या साली फेकायला सांगत होते.
ते बोलले नाहीत. पंख्याकडे बघत राहिले.

सोजरबाई उठली.
पदराला हात पुसले, खुंटीवरचा पाना घेतला
आणि नट ढिला केला.
"दोन सूत ना?"
तिला कुणी विचारलं नव्हतं.
तिला कुणी थांबवलंही नाही.

आता साली कजगावच्या म्हशींना जातात, ओल्या, जड.
बिया आधीच चाळणीवर.
रसाला ताप एकदाच, अर्धा मिनिट, मोजून,
आणि लगेच गार पाणी,
पोळलेल्या बोटाला देतात तसं.
तरी दर खेपेला साधतं असं नाही.
अंबिया बहाराचं फळ वेगळं, मृगाचं वेगळं,
आणि कोवळं तोडलेलं तर कुणाचंच ऐकत नाही.

या नोकरीनं एक खोड लावली.
आई फोनवर बोलता बोलता मध्येच थांबते,
दादाच्या वाटणीचा विषय आला की.
आधी मी खोदून विचारायची, मग? मग काय झालं?
आता नाही विचारत.
तिकडून पातेल्याचा आवाज येतो. मी ऐकते.

आज सतरा नंबरची बाटली उघडली.
एक्क्याण्णवावा दिवस.
टिकलीय म्हणायला मन धजेना, म्हणून पायरीवर गेले,
स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतले
आणि सोजरबाईच्या हातात दिले.

तिनं डोळे मिटले.
घोट गालात फिरवला, थांबली,
कडू मागून येतं हे तिला ठाऊक.
समोर एक ट्रॅक्टर आला, वळला, गेला.

मग काही न बोलता
तिनं पेला पुन्हा पुढं केला.