सामायिक

वालपाराईसोच्या उतारावर आमचं घर,
अंगावर पन्हाळी पत्रा, कधीकाळी पिवळा,
आता खाऱ्या वाऱ्यानं जागोजागी कुरतडलेला.
तळाला एलिसेओ, माझा थोरला भाऊ.
तिसऱ्या मजल्यावर मी.
मधल्या मजल्यावर राऊटर
आणि नऊ महिन्यांचा अबोला.

घर विकायचं की नाही, एवढीच गोष्ट.
तो म्हणाला, नाही.
मी म्हणाले, हे जिने चढवत नाहीत मला,
तू राहतोस तळाला, तुझं काय जातंय.
हे शेवटचं म्हणायला नको होतं.

वकिलाला घराचे कागद हवे होते,
ते स्कॅन होऊन पडलेले एलिसेओच्या संगणकात.
पेनड्राइव्ह द्यायचा तर हात पुढे करावा लागतो,
ईमेल करायची तर वर 'प्रिय नीएवेस' तरी लिहावं लागतं.
त्यानं यातून वाट काढली:
एका सकाळी माझ्या पडद्यावर उगवलं
एक नवं नाव, तळघर,
आणि त्याच्या पोटात एक फोल्डर, दार किलकिलं.

द्यायचा होता एक कप्पा,
देऊन बसला अख्खं कपाट.
लहानपणी खिसा उलटा करून गोट्या दाखवायचा,
तेव्हाही त्यात सगळंच पडायचं बाहेर:
दोरा, खिळा, अर्धं चघळलेलं काहीबाही.

खरेदीखत सापडलं. एकोणीसशे एकतीस,
शाईवर बुरशीचे ढग.
तिथंच थांबायला हवं होतं.
पण शेजारी होतं 'डावा गुडघा',
एप्रिल, जून, ऑगस्ट,
दर फोटोत दोन हाडांमधली फट
आधीपेक्षा बारीक.
आणि मी समजत होते, हट्टानं वर येत नाही.

त्याखाली सुताराचं अंदाजपत्रक:
जिन्याला कठडा, दोन्ही बाजूंनी, तिसऱ्या मजल्यापर्यंत.
कुणासाठी, ते लिहिलं नव्हतं.
तळाला राहणाऱ्याला कठडा कशाला लागतो?

कागद उतरवायला घेतले.
उरलेला वेळ: चार मिनिटं.
उरलेला वेळ: अकरा तास.
सत्तावन्न सेकंद. दोन दिवस.
मग काहीच नाही, तळघरच गायब.
समोरच्या सुनिल्दाचा मुलगा येऊन बघून गेला,
म्हणाला, मावशी, पत्रा लहरींना परत फिरवतो.
भिंतीला कान असतात म्हणे,
आमच्या ठार बहिऱ्या.

संध्याकाळी तळघर पुन्हा उगवलं.
मला तिथं काहीतरी ठेवावंसं वाटलं,
एक ओळ, नुसतं 'गुडघा कसा आहे'.
पडद्यानं ठणकावलं: केवळ वाचनासाठी.
वाचायची मुभा, लिहायची नाही.
हे त्यानं मुद्दाम केलं की आपोआप झालं,
विचारायचं तर बोलावं लागणार.

दुसऱ्या दिवशी बंदराजवळच्या दुकानातून
निळी केबल आणली, तीस मीटर,
आणि खिडकीतून सोडत गेले खाली.
वाऱ्यानं ती पत्र्यावर आपटत होती,
टक, टक,
जणू कुणी पाहुणा दाराची कडी शोधतोय.
सुनिल्दा ओरडली पलीकडून,
कपडे वाळत घालायला का गं?
माझा एक मोजा उरलाय!

मग खालची खिडकी उघडली.
त्याचं टक्कल दिसलं, मागच्या हिवाळ्यापेक्षा मोठं.
एक हात बाहेर आला, टोक धरलं त्यानं.
वर न बघता विचारलं,
"किती मीटर?"
"तीस."
"वीस पुरली असती."
"तुला काय माहीत किती उंचावर राहते मी."

तो थोडा वेळ गप्प.
मग ओढू लागला, सावकाश,
एका पायावर भार देऊन उभा असावा.
मी सोडत गेले.

वीसच लागली.
उरलेली दहा मीटर माझ्या पलंगाखाली वेटोळं करून आहे.
कागद वकिलाकडे गेले नाहीत अजून.
मोजा सुनिल्दानं खरंच वाळत घातलाय.